मदत हवी आहे: सर्व्हरच्या लॉगमध्ये सारखं 'लिंक इज डाउन', दोष कुणाचा?

नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) आठवडाभर 'लिंक इज डाउन', म्हणजे नेटवर्कची जोडणी तुटली, असं येतंय. तीन-चार सेकंदांत लिंक परत येते, पण १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर. गिगाबिटला (म्हणजे १००० ला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून पहिला संशय केबलवर. नवी टाकली, केबल ज्या नेटवर्क स्विचला जाते त्याचा पोर्टही बदलला. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच रडगाणं.

काल रात्री तर 'नेटडेव्ह वॉचडॉग: ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट' (कार्डाकडून डेटा वेळेत बाहेर गेला नाही, असा लिनक्सचा इशारा) आलं आणि बॅकअप अर्ध्यात लटकला. ईथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची आकडेवारी दाखवणारी कमांड) सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, मात्र शून्य! मग केबल निर्दोष धरायची का? आधी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करू की सरळ दुसरं कार्ड लावू? सर्व्हर बंद करायला फक्त रविवार मिळतो, तोही साहेबांच्या हातापाया पडून.