मदत हवी आहे: चंद्रकोरीसारख्या बशा कशासाठी असतात? रविवारच्या आत कळायला हवं

हर्णैकर:
दापोलीचं आत्याचं घर रिकामं करतोय. माळ्यावरच्या पेटीत पेंढ्यात गुंडाळलेल्या पाच बशा निघाल्या. चंद्रकोरीच्या आकाराच्या, पांढऱ्या, कडेला निळी वेलबुट्टी. रविवारी जुन्या वस्तू घेणारा माणूस येतोय, पाचांचे मिळून पाचशे देतो म्हणतोय. या मुळात कशासाठी? नेटवर पूजेच्या ताटांशिवाय काही सापडत नाही. फोटो चढत नाहीये. लवकर सांगा.

खाडीकाठ:
चिनी मातीच्या की काचेच्या? केवढ्या? मागे काही छापलंय? एवढंही न सांगता कसं कळणार, दादा?

वेंगुर्ल्याची लेक:
माका वाटता लोणच्याची बशी. आमची आजी तशाच बशीत मीठ-लोणचा वाढी. इकू नको रे.

जुनी भांडी:
लोणच्याची नव्हे ताई. इंग्रजांच्या टेबलावर सॅलडची बशी असायची. आतली कड मुख्य ताटाला टेकवून बाजूला ठेवायची, म्हणजे मटणाचा रस्सा पाल्यात मिसळत नसे. माझ्याकडे तीन आहेत, खात्रीने सांगतो.

कोकणमेवा:
बशा कसल्याही असोत, ब्लीचमध्ये भिजवू नका. केसासारख्या बारीक भेगा असतील तर जिलईखालची माती खराब होते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, एवढंच. आणि त्यात लोणचं, सोलकढी वाढू नका. जुन्या जिलईत शिसं असू शकतं, आंबट लागलं की ते सुटतं.

हर्णैकर:
धुवायचं कसं हे विचारलंच नव्हतं. तरी ब्लीचची बाटली कपाटात ठेवली, आभार. बशा चिनी मातीच्या. मागे ‘इंग्लंड’ एवढंच, ‘मेड इन’ नाही. खाली ‘आरडी नंबर’ आणि २ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर.

रत्नागिरीकर:
ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या घरातल्या तर नाहीत? इंग्रजांनी त्याला कैदी म्हणून १८८६ साली रत्नागिरीला आणलं, १९१६ साली इथेच वारला.

खाडीकाठ:
थिबाला मध्ये आणायची गरज नाही. दापोलीत गोऱ्यांची छावणीच होती, म्हणून तर अजून कॅम्प दापोली म्हणतात. नंबराचं बघा: इंग्लंडमध्ये हे नक्षीनोंदणीचे नंबर १८८४ पासून सुरू झाले, आणि २ ने सुरू होणारे सहा आकडी नंबर १८९० च्या दशकातले. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे ‘इंग्लंड’ही जुळतं. म्हणजे नक्षी तेव्हाची, बशा नंतर भाजल्या असतील तरी. आता तरी लांबी मोजा!

हर्णैकर:
टोकापासून टोकापर्यंत सव्वासहा इंच. रुंदी जेमतेम तीन.

खाडीकाठ:
मग सॅलडची नाही. ती आठ-नऊ इंची असते. ही काट्यांची बशी, इंग्रजीत बोन डिश. मासे खाताना काटे, हाडं ताटात न ठेवता यात काढायची. प्रत्येक माणसापुढे एक, ताटाच्या कडेला. पुढे लोक साधं जेवू लागले आणि ही बशी टेबलावरून गेली.

जुनी भांडी:
माझ्या तीन मोजल्या. साडेआठ इंच. म्हणजे माझ्या सॅलडच्या, यांच्या काट्यांच्या. मान्य.

वेंगुर्ल्याची लेक:
मग तर कर्ली खाताना हवीच! आम्ही काटे केळीच्या पानाच्या कडेक ठेवतो.

हर्णैकर:
त्याच पेटीत तळाला त्याच नक्षीचं एक मोठं ताट होतं, ते काढलं. कड टेकवून बघितली. बशीची आतली कड ताटाच्या गोलाईला अशी बसली की मध्ये बोटही जाईना. एका बशीच्या मध्यभागी सुरीचे बारीक ओरखडे आहेत, नखाला लागतात. नुसती शोभेची असती तर ते आले नसते.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, गणपतीत यात दूर्वा ठेवायचो, काट्यांच्या आहेत हे कोणाला माहीतच नव्हतं. रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं. पेटीत अजून एक झाकणाचं भांडं आहे, झाकणाला चमच्यासाठी खाच आहे. मोजून, मागचं छापलेलं वाचून उद्या नवीन धागा काढतो.