प्राणिप्लवक 'चरतात' का?

वैजू, अनगोळ
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी तळ्यांवर एक भित्तिपत्रक करतेय. मूळ मजकूर कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठी माझ्या गळ्यात. पहिल्याच वाक्याला अडले: 'विषारी नीलहरित शैवाल आपल्यावर चरणाऱ्या प्राणिप्लवकांना कसा प्रतिसाद देते.' (प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी.) सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "चरायला त्या काय म्हशी हाईत गे?" कन्नडात 'मेयुव' आहे, म्हणजे तिकडेही चरणंच. मराठीत चालेल का?

निपाणकर
चालतंय की. आमच्याकडे कोंबड्या चरतात, बदकं चरतात, आणि दिवसभर डबे उघडणारा पुतण्याही चरतच असतो. म्हशीची मक्तेदारी कधीच संपली.

टिळकवाडी
पुतण्याबद्दल म्हणतात ती थट्टा, व्याख्या नव्हे. चर् म्हणजे हिंडणे. निशाचर, जलचर, चराचर. चरण्यात आधी पाय आणि मग तोंड. 'प्लवक' हा शब्द प्लव म्हणजे तरंगणे यावरून आला. 2021 च्या पाडव्याला सुरू झालेलं संवत्सर प्लवच होतं, पंचांग बघा. जो तरंगतो तो चरेल कसा? सरळ 'भक्षक' लिहावं.

खानापूर रानवाट
काका, भक्षक म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. इथे खाणारी आहे जलपिसू, म्हणजे डॅफ्निया, एखाद-दोन मिलिमीटरची. पायांवरच्या बारीक केसांच्या जाळीतून ती पाणी गाळते आणि अडकेल ते गिळते. एकेक पेशी पारखत बसत नाही. उलट कोपेपॉड हे दुसरे बारीक प्राणिप्लवक पेशी एकेक हेरतात आणि विषारी वाटली तर टाकून देतात. म्हणजे एक गाळून खाणारी, दुसरा वेचून खाणारा. 'चरणे' या दोघांवर पांघरूण घालतं, म्हणून मला ते नको वाटतं. शैवालाचा प्रतिसाद कळायला हा फरक लागतो: जाळी असलेल्याला अडवायचं तर आकार वाढवावा, वेचणाऱ्याला अडवायचं तर चव बिघडवावी.

वैजू, अनगोळ
आकार वाढवतं म्हणजे नेमकं काय करतं?

खानापूर रानवाट
मायक्रोसिस्टिस या विषारी नीलहरित शैवालाची सुटी पेशी काही मायक्रोमीटरचीच असते. तळ्यात मात्र हजारो पेशी बुळबुळीत आवरणात एकत्र राहतात आणि तो पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं की बहुतेकदा पुंजके मोडून सुट्या पेशीच उरतात. त्यात ऑक्रोमोनास हा पेशी गिळणारा एकपेशी जीव सोडला की पुंजके पुन्हा धरलेले दिसले आहेत. डॅफ्निया ठेवलेलं पाणी, डॅफ्निया काढून, नुसतं मिसळलं तरी त्याच्या काही वाणांनी, म्हणजे उपप्रकारांनी, मायक्रोसिस्टिन हे विष वाढवलं. काहींनी काहीच केलं नाही. तेव्हा पत्रकात 'शैवाल असं करतं' असं ठोक लिहू नका, 'काही वाण' म्हणा.

टिळकवाडी
वाण! तांदळाला वाण, बासमतीला वाण. आता जिवाणूलाही?

निपाणकर
संक्रांतीचं वाण राहिलंच की काका.

कडोलीकर
शब्दाचं राहू दे गा. ह्या विषाचं पाणी उकळून प्यालं तर चालतंय का? आमच्या बेळगावाला राकसकोप जलाशयाचं पाणी येतंय.

खानापूर रानवाट
राकसकोपबद्दल इथे कुणी काही म्हटलेलं नाही, उगाच अफवा नको. पण उकळून मायक्रोसिस्टिन जात नाही, उष्णतेला ते टिकतं. उलट उकळताना पेशी फुटून आतलं विष पाण्यात येतं. यकृतावर आघात करतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरला 1 मायक्रोग्रॅमपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. 1996 मध्ये ब्राझीलच्या करुआरू शहरात हेच विष डायलिसिसच्या पाण्यातून थेट रक्तात गेलं आणि अनेक रुग्ण दगावले. तळ्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली की जनावरंही लावू नयेत.

टिळकवाडी
म्हणजे खरी चरणारी जनावरं मरतात आणि न चरणाऱ्याला तुम्ही 'चरणारा' म्हणता.

वैजू, अनगोळ
माझी दुसरी अडचण 'प्रतिसाद'. मुख्याध्यापक म्हणतात 'बचाव' लिहा, मुलांना कळेल.

खानापूर रानवाट
बचाव लिहाल तर फसाल. मायक्रोसिस्टिन बनवणारी जनुकं बहुपेशी प्राण्यांहूनही जुनी आहेत, असं 2004 च्या एका अभ्यासात निघालं. जलपिसूच नव्हती तेव्हा बचाव कुणापासून? जुन्या हत्याराला पुढे नवं काम मिळालं असेल, ते वेगळं. आणि जलपिसूही गप्प बसत नाही. कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातली जुनी अंडी उबवून पाहिली, तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे हेच नीलहरित शैवाल, वाढल्यानंतरच्या काळातल्या डॅफ्निया आधीच्यांपेक्षा जास्त विष सोसणाऱ्या निघाल्या. हे 1999 चं काम. एका बाजूचा 'प्रतिसाद' सांगायचा तर दुसरीचाही सांगावा लागेल.

निपाणकर
कॉन्स्टन्स म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीवरचं ते? मग सहन करणारच. सीमाभागातले सगळे सोशिक.

टिळकवाडी
शिवाय शैवाल हा शब्दच खोटा. तो जिवाणू आहे, 'नीलहरित जिवाणू' लिहा.

कडोलीकर
आमची आई तळ्यातल्याला शेवाळ म्हणायची, शेजारची अक्का पाची म्हणायची. दोघी एकाच दगडावरनं घसरल्या.

वैजू, अनगोळ
जिवाणू लिहिलं की मुलं साबण आणि दह्यावर जातात. शैवाल ठेवते, खाली एक ओळ टाकते. पण 'चरणे'चं अजून कुणी नीट सांगितलंच नाही.

निपाणकर
कन्नडातलं मेयु म्हणालात, त्यावरून आठवलं. चाऱ्याला तिकडे मेवु म्हणतात. आपला 'मेवा' तिथूनच आला असणार. गुरांचा मेवु, माणसांचा मेवा. पटतंय की नाही?

टिळकवाडी
साफ चूक. मेवा फारसी, अर्थ फळ. चारा आणि सुकामेवा एका दावणीला बांधू नका.

निपाणकर
मग रानमेवा काय? अर्धा शब्द फारसी, आणि जांबोटीच्या रानातली करवंदं मात्र शुद्ध. तुम्ही करवंदांना काय म्हणता काका, 'वन्यफलसंभार'?

टिळकवाडी
करवंदं म्हणतो. आणि पिकली की दोन पाट्या मागवतो.

कडोलीकर
खानापूरवाले, यंदा कधी येतील? एप्रिलात की मेमध्ये?