देवयानीत ‘आत्ता’ काय चाललंय? भविष्य आधीच ठरलंय का?

टेकडीकर: काल पुण्यात हनुमान टेकडीवर मित्राशी वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये. ऑक्टोबरात अंधार पडला की देवयानी दीर्घिका ईशान्येला येते, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. समजा मी तिच्या दिशेने चालतोय आणि तो तिच्याकडे पाठ करून, दोघंही ताशी ५ किमी. आइन्स्टाइनच्या १९०५च्या सापेक्षतेत लांबचं ‘आत्ता’ आपण कुठे आणि किती वेगाने चाललोय त्यावर ठरतं, त्याने हिशोब केला तर आम्ही क्रॉस होतो तेव्हा तिथलं माझं ‘आत्ता’ त्याच्या ‘आत्ता’च्या साधारण साडेआठ दिवस पुढे पडतं! म्हणजे त्याच्यासाठी जे व्हायचंय ते माझ्यासाठी होऊन गेलंय. मग सगळं आधीच ठरलेलं नाही का?

चहाबाज: साडेआठ दिवस मान्य, पुढचं नाही. तू चप्पल विसरलास म्हणून मागे वळलास तर ते ‘होऊन गेलेलं’ परत ‘व्हायचंय’ होणार का? तिकडे काडीचाही फरक पडला नाही रे, तुझा हिशोब फिरला. लांबचं ‘आत्ता’ ठरवतात कसं, तर प्रकाश पाठवायचा, जाऊन परत यायला लागलेल्या वेळेचा निम्मा घ्यायचा, आणि जाता-येता वेग सारखाच असं *धरायचं*. एका दिशेचा वेग सुटा मोजायचा तर आधी दोन्हीकडची घड्याळं जुळवायला लागतात, आणि ती जुळवायची कशी हाच तर प्रश्न आहे.

रात्रपाळी: इतकं सोपं नाहीये हं ते. तत्त्वज्ञ हिलरी पुटनमने १९६७ मध्ये यावरूनच भविष्यही तितकंच खरं असं मांडलं, भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजने तर देवयानीचंच उदाहरण घेतलं. ‘आत्ता’ नुसता हिशोब म्हटलंत तर ‘घडलं’ कशाला म्हणायचं?

चहाबाज: ज्याचा प्रकाश तुझ्यापर्यंत पोचू शकला ते घडलं. हे दोघं क्रॉस होताना मान वर करून बघू देत, दोघांना एकच देवयानी दिसेल, २५ लाख वर्षांपूर्वीची. तिथून पुढची ५० लाख वर्षं, म्हणजे इथून आत्ता निघालेला प्रकाश तिथे पोचेपर्यंत, ना भूत ना भविष्य, नुसती मधली पट्टी. चंद्रासाठी हीच पट्टी अडीच सेकंदांची, आणि मुंबईसाठी एक मिलिसेकंदही नाही, म्हणून आपल्याला वाटतं की ‘आत्ता’ सगळीकडे एकच आहे.

रात्रपाळी: पट्टीतल्या गोष्टी घडल्यात की नाही ते मात्र शिताफीने टाळलंत.

चहाबाज: टाळलं नाही, तिथे तो प्रश्नच लागू होत नाही.

टेकडीकर: मित्राला धागा पाठवला. म्हणतो, “बघ, मी तेच म्हणत होतो.” अजिबात म्हणत नव्हता.