जिनोटाइपला, म्हणजे विषाणूच्या जनुकीय गटाला, 'वाण' म्हणावं का?

मुक्ता: आरोग्यपुस्तिकेचा अनुवाद करतेय. वाक्य असं बसवलं: '१९७३ची बार्शीची चिकुनगुन्याची साथ आशियाई वाणाच्या विषाणूची होती, २००५-०६ची आफ्रिकी वाणाच्या, हे जनुकीय क्रमनिर्धारणातून कळलं.' संपादकबाईंनी 'वाण' खोडून समासात लिहिलं, "बियाणं आहे का?" दुसरा शब्द सुचवा.

सदूकाका: खोडू देऊ नका. मालदांडी हे ज्वारीचं वाण, गुण पिढ्यानपिढ्या उतरतो. बार्शीकडच्या माणसाला लगेच कळेल.

तनुजा: मला संक्रांतीचं वाण आठवलं. हळदीकुंकवाला चिकुनगुन्या लुटल्यासारखं वाटतंय 😄

प्रभाकर वि.: वाण हा संस्कृत 'वर्ण'पासून, म्हणजे रंग. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' इथं वाण आणि गुण वेगळे आहेत, काका.

सदूकाका: म्हण बैलांची आहे, विषाणूंची नाही.

रेवा: मी पुण्यात लॅबमध्ये होते. 'क्रमनिर्धारण' कोणाच्या तोंडी नसतं, 'सिक्वेन्सिंग झालं का' एवढंच. या विषाणूचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, सुमारे ११,८०० अक्षरांचा; तो क्रमानं वाचायचा. नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या नकलांत उतरते. कोणाच्या चुका कोणाशी जुळतात ते पाहून वंशावळ लावायची. यवतला २००० साली पकडलेल्या डासांतला विषाणूही आफ्रिकी गटातलाच निघाला! म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी तो इथं होता.

प्रभाकर वि.: अहो, हे तर पोथ्यांचं काम! लेखनिकाची चूक कुठल्या पोथीतून कुठल्या पोथीत गेली ते बघायचं. भांडारकरमध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच झाली. तिथला शब्द तयार आहे: पाठपरंपरा. 'आफ्रिकी पाठपरंपरेचा विषाणू'.

तनुजा: आशा सेविकेनं हे दारोदार वाचून दाखवायचंय, सर.

रेवा: पोथी चावत नाही, एवढाच फरक. पण नकलांतल्या या फरकांना 'पाठभेद' म्हणायला मला आवडेल.

शिरीष: मुळात 'चिकुनगुन्या' की 'चिकनगुनिया'? पेपरात दोन्ही वाचलंय.

तनुजा: आईनं २००६ साली घरात चिकन बंद केलं होतं. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू झालेला, त्यामुळे तिला पटवणार कोण! सांधे धरले तरी म्हणे, "मी तर वर्षभर कोंबडी शिवले नाही."

प्रभाकर वि.: कोंबडीचा संबंध नाही. टांझानियातल्या माकोंडे भाषेतला शब्द आहे. दुखण्यानं माणूस वाकून, पिळवटून जातो त्यावरून. म्हणून 'चिकुनगुन्या'च. 'चिकन' लिहिणं अडाणीपणा आहे.

सदूकाका: बोलणारे चिकनगुनियाच म्हणतात. गावच्या गाव अडाणी ठरवता का? आमच्या वस्तीवर तर नुसतं 'गुन्या' म्हणायचे. "गुन्या झालाय, भाकरी थापवत नाही."

शिरीष: 'गुन्या' भारी आहे.

मुक्ता: अहो, वाणाचं काय? उद्या प्रुफं जायचीत.

प्रभाकर वि.: 'प्रुफं' नव्हे. मुद्रितं.