दुबईच्या शाळा: लेट मार्क, सिक लीव्ह आणि 'शिस्त'

शारजाहकरीण:
काल 'सुपरवायझर' यांनी इथे लिहिलं की दुबईच्या शाळांतल्या आपल्या शिक्षिका नेमक्या शुक्रवारी नाहीतर सोमवारी आजारी पडतात, म्हणून तीन लेट मार्कांना एक दिवसाचा पगार कापणं आणि आजारपणाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणं योग्यच. डोकं फिरलं वाचून.

अहो, यूएईचा फेब्रुवारी २०२२ पासूनचा कामगार कायदा वाचा. वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा: १५ पूर्ण पगारी, ३० अर्धपगारी, ४५ बिनपगारी. शाळेला कळवायला तीन कामाचे दिवस. पण प्रोबेशनमध्ये, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या चाचणीकाळात, पगारी सिक लीव्ह शून्य! आपल्या सीबीएसई शाळा एप्रिलला सुरू होतात, नवी बाई तेव्हाच रुजू होते. केजीतली पोरं तोंडावर शिंकतात, पहिल्या दोन महिन्यांत घसा बसतो, आणि तापात उभं राहून शिकवायचं किंवा पगार सोडायचा. ही शिस्त?

सुपरवायझर:
कायदा मलाही पाठ आहे. तुम्ही घरी झोपता तेव्हा तुमचे तास कोण घेतं? प्रॉक्सीचं, म्हणजे बदली तासांचं, वेळापत्रक सकाळी साडेसहाला मी बसवतो. ज्यांना प्रॉक्सी पडते त्यांच्या शिव्या मीच खातो.

निवृत्त मास्तर, सांगली:
आमच्या वेळी मस्टरवर लाल शेरा पडायचा. तीन शेरे, एक किरकोळ रजा गेली. कुणी ओरडलं नाही. हल्लीच्या पिढीला सगळंच जाचक.

तिखट_मिसळ:
मास्तर, तुमची रजा जायची, पगार नाही! शिवाय अर्धपगारी रजा दरवर्षी २० दिवस खात्यावर साठायची. इथे ९० दिवस त्याच वर्षाचे, साठत काही नाही.

E३११चा_वारकरी:
लेट मार्कचं मूळ सोडून भांडताय. राहायचं शेजारच्या शारजाहला, नोकरी दुबईत. मग उशीर होणारच. कायम तुंबलेल्या अल इत्तिहाद रोडने जाताच कशाला? बाहेरून जाणारा E३११ हायवे धरा.

शारजाहकरीण:
E३११! एक गाडी बंद पडली की संपलं. भाडं परवडत नाही म्हणून शारजाह, हौस म्हणून नाही. मेट्रो शारजाहला येत नाही.

E३११चा_वारकरी:
पहाटे पाचला निघा. मी निघतो.

तिखट_मिसळ:
तुम्ही निघता, डबा कोण भरतं?

E३११चा_वारकरी:
व्यक्तिगत होऊ नका. आणि E३११च्याही पलीकडचा एमिरेट्स रोड लांब पडला तरी परवडतो, हे लिहून ठेवा.

अल_नहदा:
कुणीही काहीही सांगतं. शाळेच्या बसने जा. बस अडकली तर लेट मार्क नाही, कारण पोरंही त्याच बसमध्ये असतात.

तिखट_मिसळ:
सगळ्या शाळांत नाही! १६ एप्रिल २०२४ च्या पावसानंतर शाळा ऑनलाइन होत्या. आमच्या इमारतीत पाणी, लिफ्ट बंद, वीज ये-जा करत होती. लॉगिन उशिरा झालं म्हणून मला लेट मार्क. शाळेचं नाव घेत नाही, पोट आहे.

सुपरवायझर:
तो मूर्खपणा होता. मी असतो तर दिला नसता.

शारजाहकरीण:
वा, आभार. आता हेही सांगा: शिक्षा म्हणून एका महिन्यात पाच दिवसांपेक्षा जास्त पगार कापता येत नाही, हे तुमच्या करारपत्रात का लिहिलेलं नसतं?

सुपरवायझर:
करारपत्र मी लिहीत नाही. बरं, प्रोबेशनबद्दल तुमचं म्हणणं… ठीक आहे, केजीच्या बायांना तरी सवलत हवी. खूश? पण शुक्रवारचं कुणीच बोललं नाही.

तिखट_मिसळ:
शुक्रवारी शाळाच अर्धा दिवस. अर्ध्या दिवसासाठी दवाखान्यात रांग लावून, इन्शुरन्समधला आपला हिस्सा भरून सर्टिफिकेट कोण आणेल?

सुपरवायझर:
आणतात. फाइल दाखवू?

E३११चा_वारकरी:
फाइल राहू द्या. सालिक (दुबईचा टोल) चुकवायला अल ममझरच्या आतून जाणारं कुणी आहे का इथे?