कोविडच्या महासाथीत बाजार सहा महिन्यांत सावरला, मग पेन्शनचं नुकसान झालं कुठे?

निवांतक्षण:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मार्च २०२० मध्ये माझ्या पेन्शन फंडाचं स्टेटमेंट उघडलं होतं तेव्हा हात थंड पडले होते, तो दिवस अजून विसरले नाहीये. आता शांतपणे समजून घ्यायचंय.

आकडे मला माहीत आहेत. अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी २०२० च्या उच्चांकावरून २३ मार्चपर्यंत जवळपास ३४ टक्के पडला आणि १८ ऑगस्टला परत नवीन उच्चांकावर जाऊन बसला. म्हणजे सहा महिन्यांत सगळं जागच्या जागी. मग महासाथीने पेन्शन व्यवस्था खिळखिळी केली असं जे सगळे म्हणतात ते का? बाजार पडला, उठला, विषय संपला ना?

दुसरा प्रश्न विचारताना मलाच कसंतरी होतंय, पण विचारते. या साथीत जास्त करून वयस्कर माणसं गेली. मग पेन्शन देणाऱ्यांवरचा भार उलट कमी व्हायला नको का? कुणाचं मन दुखवायचं नाहीये, माझ्याही घरातलं माणूस गेलंय. फक्त हिशोब कळत नाही.

आकडेमोड:

चांगला प्रश्न आहे. मी पेन्शनच्या देण्यांचा हिशोब करण्याच्याच कामात आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुम्ही फक्त जमा पैशांकडे बघताय. पेन्शन फंडाला दुसरी बाजू असते, देणी. आज चाळिशीत असलेल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांनी काय द्यायचंय त्याची आजची किंमत काढावी लागते आणि ती किंमत व्याजदरावर ठरते. साधं उदाहरण घ्या. २० वर्षांनी १०० द्यायचेत. व्याजदर ४ टक्के असेल तर आज बाजूला ४५.६ ठेवले की पुरतात. व्याजदर २ टक्के झाला की तेच १०० देण्यासाठी आज ६७.३ लागतात. माणूस तोच, वचन तेच, रक्कम तीच, पण देणं जवळपास दीडपट झालं आणि कुणी काही चुकीचं केलेलं नाही.

आता महासाथीत काय होतं बघा. सगळं बंद पडतं, मग मध्यवर्ती बँका व्याजदर खाली आणतात, आणावेच लागतात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने ३ मार्चला अर्धा टक्का कमी केला आणि १५ मार्चला, रविवार असूनसुद्धा, दर थेट शून्याजवळ नेला. म्हणजे ज्या महिन्यात फंडाकडचे शेअर पडले त्याच महिन्यात त्याची देणी फुगली. वरून कंपन्या बंद, नोकऱ्या गेल्या, म्हणून दर महिन्याचे हप्तेही आटले. यातली एखादीच गोष्ट झाली तर बाकीच्या दोन तिला सांभाळून घेऊ शकतात. इथे तिन्ही एकदम आल्या. शेअर ऑगस्टमध्ये वर आले हे खरं, पण व्याजदर खालीच राहिले, त्यामुळे ज्यांनी ठराविक पेन्शनचं वचन दिलंय त्यांच्या देण्यांचा फुगवटा त्यानंतरही बराच काळ तसाच होता.

दुसऱ्या प्रश्नाचं वाईट वाटून घेऊ नका, आमच्या कामात तो विचारावाच लागतो. उत्तर आहे, फारसा फरक पडत नाही. जी माणसं गेली त्यातली बरीच खूप वयस्कर किंवा आधीच आजारी होती, त्यांना द्यायची पेन्शन हिशोबात तशीही थोड्याच वर्षांची धरलेली असते. शिवाय अनेक ठिकाणी मागे राहिलेल्या जोडीदाराला पेन्शन चालू राहते. आणि पन्नाशीतला कमावता माणूस गेला तर त्याचे हप्ते थांबतात. अमेरिकेत सरासरी आयुर्मान २०१९ मध्ये ७९ च्या जवळ होतं ते २०२१ मध्ये ७६ च्या आसपास आलं, ही केवढी भयंकर घसरण आहे, तरीसुद्धा फंडाच्या ताळेबंदावर तिचा परिणाम व्याजदराच्या एका टक्क्याएवढा होत नाही. हे मी रोज आकड्यात बघितलंय आणि त्या आकड्यांमागे माणसं आहेत हे एक दिवसही विसरता आलं नाही.

रोखेवाला:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली. मी तेव्हा रोख्यांच्या व्यवहारात होतो.

सगळ्यांना शिकवलेलं असतं की शेअर पडले की सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, वर जातात, म्हणून पेन्शन फंड दोन्ही ठेवतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तसंच झालं. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा ९ मार्चला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. रोख्याचा भाव वाढला की त्यावरचा परतावा घटतो, म्हणजे रोख्यांना प्रचंड मागणी. आणि मग अचानक उलटं सुरू झालं. १८ मार्चपर्यंत तोच परतावा १.२ टक्क्याच्या आसपास गेला, म्हणजे जगातला सगळ्यात सुरक्षित समजला जाणारा कागद लोक मिळेल त्या भावाला विकत होते. कुणालाच काहीच नको होतं, फक्त डॉलर हवे होते, रोख, आत्ता.

त्या दिवसांत स्क्रीनवर काय दिसायचं ते सांगतो. नुकत्याच निघालेल्या रोख्याला भाव मिळत होता. पण त्याच सरकारचा, जवळपास त्याच मुदतीचा, फक्त काही वर्षं जुना रोखा विकायला काढला की पलीकडून उत्तरच नाही. विचारणा टाकायची आणि वाट बघायची. मग भाव यायचा तो इतका खाली की विचारणाऱ्याला वाटावं टायपिंगची चूक आहे. घेणाऱ्या बँका घाबरलेल्या नव्हत्या, त्यांच्याकडे जागाच उरली नव्हती, सगळे एकाच वेळी विकत होते आणि त्यात अर्धे लोक घरून काम करत होते.

शेवटी फेडने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, २३ मार्चला जाहीर केलं की लागतील तेवढे रोखे घेऊ, आणि काही आठवड्यांत एक लाख कोटी डॉलरच्या वर सरकारी रोखे उचलले. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने १८ मार्चलाच ७५० अब्ज युरोची खरेदी जाहीर केली होती, ती पुढे वाढत १,८५० अब्जांपर्यंत गेली. हे झालं नसतं तर तुमचं स्टेटमेंट ऑगस्टमध्ये सावरलं नसतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

निवांतक्षण:

बापरे. हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण पेन्शन फंडाला एवढ्या घाईने रोख कशाला लागते? त्यांचे पैसे तर तीस-तीस वर्षांसाठी असतात, ते शांत बसू शकत नाहीत का?

रोखेवाला:

बसू शकले तर उत्तमच. जपानच्या सरकारी पेन्शन फंडाचं बघा, तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा. जानेवारी ते मार्च २०२० या एका तिमाहीत त्याला १७.७ लाख कोटी येनचा फटका बसला. तो बसून राहिला, आणि पुढच्या आर्थिक वर्षात ३७.८ लाख कोटी येन कमावले.

पण सगळ्यांना ते जमत नाही. बऱ्याच फंडांचे पैसे परदेशात गुंतवलेले असतात आणि चलनाचा धोका टाळायला करार केलेले असतात. मार्चमध्ये डॉलर वर गेला, बाकी बरीच चलनं कोसळली, तेव्हा त्या करारांवर तोटा दिसायला लागला आणि समोरच्याने म्हटलं आज संध्याकाळपर्यंत मार्जिन, म्हणजे तोट्यापोटी हमीची रक्कम, भरा. कागदावर फंड श्रीमंत, हातात रोख नाही. ऑस्ट्रेलियातल्या फंडांवर तर हे आलंच आणि नेमकं त्याच वेळी तिथल्या सरकारने लोकांना निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी दिली.

पाऊलवाट:

त्या परवानगीबद्दल मला बोलायचंय कारण माझ्या मते खरं नुकसान तिथे झालंय आणि ते अजून दिसायचंय.

ऑस्ट्रेलियात दोन टप्प्यांत प्रत्येकी १०,००० डॉलरपर्यंत काढता येत होते, सगळे मिळून सुमारे ३६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर बाहेर गेले. अमेरिकेत मार्च २०२० च्या कायद्याने एक लाख डॉलरपर्यंत दंडाशिवाय काढायची मुभा दिली. पेरू, मलेशिया सगळीकडे काही ना काही झालं. सगळ्यात मोठा प्रकार चिलीत. जुलै २०२०, डिसेंबर २०२० आणि एप्रिल २०२१, तीनदा खात्यातले दहा-दहा टक्के काढू दिले, आणि किमान रकमेची अट अशी होती की ज्यांची शिल्लक छोटी त्यांना सगळीच काढता आली. जवळपास ५० अब्ज डॉलर गेले आणि लाखो लोकांची खाती शून्यावर आली. फंडांनी पैसे द्यायला रोखे विकायला काढले तर तिथला बाजार कोसळू नये म्हणून मध्यवर्ती बँकेला मध्ये पडावं लागलं.

मी पण काढले होते. माझी नोकरी गेली होती, दुसरा मार्ग नव्हता, आजही तसंच करीन. पण हिशोब ऐका. समजा १०० होते, बाजार पडला, ६६ झाले. त्यातले ६ काढले, ६० उरले. बाजार परत आधीच्या जागी आला तर ६६ चे १०० होतात, पण ६० चे ९१ च होतात. काढले ६, गेले ९. आणि त्या ९ वर पुढच्या वीस वर्षांची वाढ मिळणार होती ती वेगळीच. म्हणून बाजार सावरला हे वाक्य मला टोचतं. ज्याला थांबता आलं त्याच्यासाठी सावरला. ज्याच्या हातात काम नव्हतं त्याने तळाला विकलं आणि ज्याला पगार चालू होता त्याने तळाला घेतलं. आपल्या पुढच्या पिढीला म्हातारपणी हा फरक दिसेल.

मी सरकारांना दोष देत नाहीये, लोक उपाशी असताना पैसे अडवून ठेवणं क्रूर झालं असतं. पण पगार चालू राहायला पुरेशी थेट मदत पोचली असती तर बऱ्याच लोकांना म्हातारपणाची पुंजी फोडावी लागली नसती, हे लक्षात ठेवायला हवं.

आकडेमोड:

पाऊलवाट, तुमचं उदाहरण मी आता कामाच्या ठिकाणी वापरणार आहे, इतकं स्वच्छ कुणी सांगत नाही.

एक भर घालतो, कारण गोष्ट २०२० मध्ये संपली नाही. व्याजदर वर्षानुवर्षं कमी आणि महासाथीत शून्याजवळ, त्यामुळे ब्रिटनमधल्या ठराविक पेन्शन देणाऱ्या बऱ्याच फंडांनी देण्यांचा धोका झाकायला उधारीवर रोख्यांचे व्यवहार केलेले होते. मग लॉकडाऊन उठले, माल कमी, हातात पैसा, त्यात युक्रेनचं युद्ध, महागाई उसळली. अमेरिकेत जून २०२२ मध्ये ती ९.१ टक्क्यांवर गेली. दर वाढवणं भाग पडलं. २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटिश सरकारने करकपातीचं छोटं बजेट मांडलं आणि तीस वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा काही दिवसांत एक टक्क्याहून जास्त उसळला. फंडांना मार्जिनसाठी रोख हवी, म्हणून रोखे विकले, म्हणून रोखे अजून पडले, म्हणून अजून मार्जिन. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला उतरावं लागलं, ६५ अब्ज पौंडांपर्यंत घेऊ म्हणाले, प्रत्यक्षात १९.३ अब्जांवर भागलं.

यातली खरी गंमत नाही, दुःख म्हणा, की व्याजदर वाढल्याने त्या फंडांची देणी कमी होत होती. लांबच्या हिशोबात त्यांची तब्येत सुधारत होती. आणि त्याच आठवड्यात ते रोख नसल्याने बुडायची वेळ आली. मार्च २०२० सारखंच.

उंबरठा:

सगळी चर्चा श्रीमंत देशांची चाललीय म्हणून लिहितोय. मार्च २०२० या एका महिन्यात विकसनशील देशांमधून ८० अब्ज डॉलरपेक्षा जास्त परकीय गुंतवणूक बाहेर गेली. त्यांच्याकडे स्वतःचा डॉलर छापायची सोय नाही. फेडने १९ मार्चला आणखी नऊ मध्यवर्ती बँकांना डॉलरची सोय करून दिली, बाकीचे रांगेबाहेर. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरचे विशेष हक्क (गरजेला डॉलरसारख्या चलनात बदलता येणारी राखीव रक्कम) वाटले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि तेही कोट्याप्रमाणे, म्हणजे मोठा वाटा ज्यांना कमी गरज त्यांना.

आणि एक गोष्ट पेन्शनशी थेट जोडलेली आहे. जागतिक बँकेने २०१७ मध्ये महासाथीचे रोखे काढले होते, ३२ कोटी डॉलरचे. साथ आली नाही तर गुंतवणूकदारांना भरपूर व्याज, आली तर त्यांचं मुद्दल गरीब देशांना. घेणाऱ्यांमध्ये पेन्शन फंडही होते. अटी अशा होत्या की काँगोत इबोलाने दोन हजारांहून जास्त माणसं गेली तरी या रोख्यांमधून एक पैसा सुटला नाही, कारण दुसऱ्या देशात ठराविक मृत्यू झाले नव्हते. कोविडमध्ये हे रोखे आणि त्यांच्या जोडीचे विम्यासारखे करार मिळून सुमारे १९.६ कोटी डॉलर सुटले ते एप्रिल २०२० मध्ये, कारण बारा आठवडे थांबायची अट होती. तोवर साथ जगभर पोचली होती. मला त्या फंडांच्या सभासदांचा राग नाही, त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नसेल की आपलं म्हातारपण कशावर उभं आहे. पण माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं.

निवांतक्षण:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. मी उद्या माझ्या फंडाला मेल टाकतेय. विचारायचं ठरवलंय ते असं, निवृत्तीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत फंडाने मला जेवढं द्यायचंय त्यातलं किती आज रोख किंवा कमी मुदतीच्या रोख्यांत आहे, आणि फंडाने उधारीवर काही घेतलंय का. अजून काही विचारायला हवं का?

आकडेमोड:

एवढंच अजून विचारा, मार्च २०२० मध्ये त्यांनी काय विकलं होतं आणि कोणत्या तारखेला.