लॅनार्कशायरचं दूध आणि 'प्रयोग नासवणारे' मास्तर

घाटवाट: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "लॅनार्कशायरच्या मास्तरांनी भाबडेपणाने एवढा मोठा प्रयोग नासवला." वाचून डोकं फिरलं. 1930 सालचा स्कॉटलंडचा कोळशाचा पट्टा, मंदी. दुधाने मुलांची वाढ होते का, ते बघायचं होतं. 20,000 मुलं. निम्म्यांना फेब्रुवारी ते जून शाळेत रोज पाऊण पाइंट (सुमारे सव्वाचारशे मिली) दूध, उरलेल्यांचं नुसतं वजन-उंची मोजायची. गट समतोल वाटला नाही तर नावं बदलायची मुभा मास्तरांना दिलेलीच होती. समोर बरगड्या दिसणारं पोर असताना त्याला दुधाच्या यादीत घेतलं, तर चुकलं कुठे?

काटेकोर: चुकलं ते हिशेबात. गिनेसच्या मद्यकारखान्यातल्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने 1931 मध्ये दाखवून दिलं की बिनदुधाची मुलं सुरुवातीलाच उंच आणि वजनदार होती. त्यात वजन कपड्यांसकट. खात्यापित्या घरच्या पोराची लोकर जूनपर्यंत उतरली, गरिबाच्या अंगावर उतरवण्याजोगं होतंच काय? म्हणून दुधाने वाढलेलं वजन होतं त्याहून जास्त दिसलं. तो म्हणाला, एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घेतल्या असत्या तर याहून खात्रीचं उत्तर मिळालं असतं.

सायीचीवाटी: आणि निम्म्या दूधवाल्यांना दूध कच्चं दिलं, त्याचं काय? त्या काळी ब्रिटनमध्ये गायीच्या क्षयाने मुलं दगावत होती!

काटेकोर: क्षयाची चाचणी केलेल्या गायींचं होतं ते. आधी वाचा.

सायीचीवाटी: वाचायला कशाला सांगता? माझ्या मामाच्या मानेवर क्षयाच्या गाठी फुटल्याचे व्रण मी लहानपणापासून बघितलेत. आमच्या घरी तेव्हापासून दूध दोनदा उतू जाईस्तोवर तापवतात. चाचणीवर विश्वास तुम्ही ठेवा.

रानमोगरा: धागा दुधावर आहे की तुमच्या मामांवर?

घाटवाट: असू दे, मीही घरचंच सांगते. आई प्राथमिक शिक्षिका. व्हरांड्यातल्या पंगतीत एका मुलीला खिचडीचा दुसरा डाव वाढायची, वहीत एकच मांडायची. ती मुलगी तो डाव डब्यात भरून धाकट्या भावाला न्यायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी आईला मुलांदेखत झापलं. मला लॅनार्कशायरच्या मास्तरांत आईच दिसते.

काटेकोर: आईंना नमस्कार. पण वहीत दोन डाव मांडले असते, तर त्या घरात अजून एक पोट उपाशी आहे हे वर कळलं असतं. मास्तरांनीही मुलं बदलावीत, पण कोणती आणि का, ते टिपून ठेवायला हवं होतं.

घाटवाट: दोन मांडले असते तर दुसरा आईच्या पगारातून कापला असता. टिपायला हवं होतं, एवढं मान्य. 'नासवलं' हा शब्द मात्र मागे घ्या.

काटेकोर: तो मी लिहिलेलाच नाही. 1934 पासून तिथल्या शाळांत अर्ध्या पेनीत तृतीयांश पाइंट दूध मिळायला लागलं, याचा मलाही आनंदच आहे.